बायांचा झिरा

पळस फुलला की मला फोन यायला लागतात. चोपड्यात इतकी वर्षं चित्रकला शिकवली, सुट्ट्यांमध्ये सातपुडा पायाखाली घातला, त्यामुळे 'वरचं' काही विचारायचं असलं की लोकांना माझी आठवण होते. परवा शाळेतल्या नव्या सरांचा आला. बायकोला होळीच्या दिवसांत डोंगरात न्यायचं होतं. मी त्यांना उनपदेवचं गरम पाणी सांगितलं, पालचं जंगल सांगितलं, तोरणमाळचा तलाव सांगितला. मनुदेवीचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो, पण वाट सुंदर आहे, हेही सांगितलं. सर म्हणाले, "ते सगळं माहीत आहे, बाई. कुणी न बघितलेलं एखादं ठिकाण सांगा ना."

मी म्हटलं, असं काही मला ठाऊक नाही.

फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. ती मळून झाली तरी मी मळतच राहिले. हे दिवसच तसे आहेत. उत्तरेकडून दुपारचा वारा येतो, त्यात जाळलेल्या पाल्याचा वास असतो आणि त्याच्या मागोमाग मोहाचा, गोड, थोडा आंबूस. फाल्गुन आला की तो एक फाल्गुन येतो.

खानदेशातल्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. उत्तरेला सातपुडा असतो, बस. तापीच्या काळ्या जमिनीत केळीची खोडं उभी असतात, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या असतात, आणि त्या सगळ्याच्या शेवटी ती निळी रेघ. वैशाखात धुळीत बुडून जाते, पाऊस उघडला की इतकी जवळ येते की हात लांबवला तर लागेल. मी मूळची धुळ्याची. आमच्याकडचे डोंगर बोडके, सुटेसुटे. लग्न होऊन चोपड्याला आले तेव्हा ही सलग भिंत बघून मला आधी दडपल्यासारखं झालं होतं. इथले लोक तिला नाव घेऊन हाकही मारत नाहीत. 'वरून लाकूड आलं', 'वर पाऊस झाला', 'वरची बाई मोह घेऊन आली'. ज्या भिंतीला टेकून जन्म काढायचा, तिच्याकडे वळून कोण बघतो?

वळून बघायला मला नलूनं लावलं. नलू माझी जळगावच्या वसतिगृहातली मैत्रीण. फैजपूरकडची, केळीच्या बागाइतदाराच्या घरची, मोठ्यानं हसणारी, कुणाच्याही ट्रॅक्टरवर चढून बसणारी. मी अबोल होते. माझ्या वाटचं बोलणं नलू बोलायची आणि तिच्या वाटचं गप्प राहणं मी राहायची. लग्नानंतर ती यावलला गेली, मी चोपड्याला. मधे एका एसटीचं अंतर. दोघींची मुलं थोडी मोठी झाल्यावर एक दिवस ती पाठीला पिशवी लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल वं, वर जाऊ. भोंगऱ्या बाजार पाहू."

होळीच्या आधीच्या आठवड्यात पावरा लोकांचे ते बाजार भरतात. त्या पहिल्या बाजाराचं मला आधी आठवतं ते पायांतून वर चढणारं ढोलाचं कंपन. माणसाच्या छातीएवढे ढोल, बांबूचे पावे, पोरींच्या गळ्यात चांदीचे भार, डाळ्या-गुळाचे ढीग, साखरेच्या माळा. मी चित्रं काढत बसले, नलू नाचणाऱ्या बायांच्या रांगेत शिरली. त्या नादात शेवटची जीप गेली. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि एक उंच, वाळक्या अंगाची बाई आमच्याकडे बघत थांबलेली. तिनं काही विचारलं नाही. डोक्यावरचं गाठोडं नीट केलं आणि मानेनं 'या' म्हणाली.

ती रुमालीबाई. मी तिला अक्का म्हणायला लागले. तिच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

अक्काचा नवरा लवकर गेला होता. लेकी लांब दिलेल्या. टेकडीच्या उतारावर कुडाचं घर, दाराशी कोंबड्या, मागे सागाची झाडी. तिनं आम्हाला चुलीजवळ बसवलं, उडदाची डाळ आणि मक्याची भाकर दिली, आणि आमच्या शहरी पातळांवर, नलूच्या घड्याळावर, माझ्या रंगाच्या डबीवर मनसोक्त हसून घेतलं. त्यानंतर दर फाल्गुनात आम्ही जात राहिलो. होळी तिच्याकडेच. नवस फेडणारे पुरुष अंगावर राखेचे ठिपके काढून, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून नाचायचे. गाव आम्हाला 'रुमालीन्या पोरी' म्हणायचं. पहाटे होळी पेटताना आम्ही तिच्या दोन बाजूंना उभ्या असायचो.

आता त्या फाल्गुनाचं.

त्या वर्षी मोह लवकर गळायला लागला. थंडी पुरती गेलीही नव्हती. होळी उरकून आम्ही निघणार, तर अक्का म्हणाली, राहा, मोह वेचायला चला. नलूनं घरी फोन केला, मी केला, आणि राहिलो.

मोह रात्री गळतो आणि बायका उजाडायच्या आधी निघतात. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते, त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं अशी पडलेली असतात जशी कुणी ओंजळीनं ठेवली आहेत. फूल कसलं, गरगरीत मणीच. ओला, गार. वेचता वेचता एखादं तोंडात टाकायचं. झाडावर अजून टपटप चालूच असते. पाठीवर पडतात, केसांत अडकतात. बायका एकमेकींशी बोलत नाहीत त्या वेळी. टोपल्या भरल्या की मग बोलतात.

त्या दिवशी टोपल्या भरल्यावर अक्का खाली न जाता वर चढायला लागली. इतर बायका तिच्यामागे, आम्ही त्यांच्यामागे. कारवीतून, मग खडकाच्या कपारीतून वाट. वर एक ओटा होता, तीन बाजूंनी कातळ आणि चौथ्या बाजूला खाली पसरलेला अख्खा खानदेश. केळीचा हिरवा पट्टा, तापीची चकाकी, त्यापलीकडे धूसर मैदान. आणि कातळाच्या पोटातून पाणी येत होतं. धार म्हणावी इतकंही नाही, झिरपत होतं आणि एका खोलगट खडकात साठत होतं. त्यावर जांभूळ वाकलेली.

बायकांनी टोपल्या ठेवल्या, लुगडी सोडली आणि पाण्यात उतरल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या बायका इतक्या निर्धास्त पाहिल्या. एकीच्या पाठीवर लाकडाच्या भाऱ्याचे घट्टे होते, ते दुसरी दगडानं घासत होती. एक पोटुशी पोर पाण्यात पाय सोडून गुणगुणत होती. म्हाताऱ्या ज्या गोष्टी बोलत होत्या, त्या गावात कधी बोलल्या नसत्या. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी वळून बसले, तर अक्कानं माझ्या पदराला हिसका देऊन मला पाण्यात ओढलं. पाणी कोमट होतं. नलू आधीच गळ्यापर्यंत बुडाली होती आणि रडत होती. का रडतेस विचारलं तर म्हणाली, माहीत नाही.

वाळत बसलो असताना अक्कानं आम्हा दोघींचे हात धरले. तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते; त्यातली 'माणसं' म्हणजे पुरुष. "ही जागा बायास्नी शे. आठे माणसं येत नही. तुमी मन्या पोरी, म्हनीसन आन्यं. कोनले सांगू नका."

नलू तिच्या पायाशी वाकली. माझ्या डोळ्यांदेखत वाकली. म्हणाली, अक्का, माझ्या लेकीलासुद्धा सांगणार नाही.

घरी आल्यावर मी त्या जागेचं चित्र काढलं. बायका काढल्या नाहीत. कातळ, वाकलेली जांभूळ, पाणी, एका बाजूला मोहाची टोपली. खाली माझी सही. वाढदिवसाला ते नलूला दिलं, कारण जगात ते देण्यासारखी ती एकच होती. तिनं ते शयनगृहात लावलं, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही असं. तेव्हा तरी असंच होतं.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती होळी हुकली. त्याच्या पुढच्या वर्षी चढ चढायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. नलू मला भेटायला यायची. केळी आणायची, माझ्या स्वयंपाकघरात भरीत करायची, वरच्या गावाच्या बातम्या सांगायची. अक्का तुझी वाट बघते म्हणायची. मी तिच्याबरोबर अक्कासाठी लुगडं पाठवलं, एकदा गुडदाणी पाठवली. कुठेतरी काही लपवलं जात असेल असं मनातही आलं नाही. आता ते दिवस उलटसुलट करून बघते तेव्हा एवढंच आठवतं, की त्या काळात ती फोन आला की अंगणात जाऊन बोलायची. मला वाटलं, सुनेशी काही चाललं असेल.

चालता यायला लागल्यावर मी एकदा भाजी घ्यायला बसस्टँडकडे गेले. तिथे मोठा फ्लेक्स लागला होता. सातपुड्याच्या कुशीत तंबूत मुक्काम, आदिवासी जेवण, होळीचा अनुभव, गुप्त झऱ्याची सफर. आणि अक्षरांच्या मागे, उभ्या फ्लेक्सभर, माझं चित्र. तो कातळ. ती जांभूळ. कोपऱ्यात माझी सही, हाताएवढी मोठी झालेली.

माणसं त्याच्याखालून जात होती. एक टोपलीवाली त्याच्या सावलीत बसली होती. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानं लांबूनच हात करून अभिनंदन केलं. मी भाजी न घेता यावलच्या गाडीत बसले.

नलूनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून समजली. तिनं आधी मला बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली. मग म्हणाली, उद्घाटनाला तुला न्यायचं होतं, तुझा सत्कार ठेवला होता. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. अक्काचा दीर भायसिंग, त्याचं शेत झिऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी. ते शेत नलूनं आणि तिच्या भाच्यानं मिळून तंबूंसाठी भाड्यानं घेतलं होतं. भायसिंगच्या घरची माणसं ऊस तोडायला गुजरातेत जायची, ती आता घरी राहणार होती. रस्ता येणार होता. "त्यांची गरिबी तुले चित्रात लई गोड वाटते," ती म्हणाली. "तिठी राहून पाह्य."

या बोलण्यात काहीच खरं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी त्याबद्दल विचारलंच नव्हतं. मी विचारलं, झिऱ्याचं अक्कानं कबूल कसं केलं?

नलूनं खिडकीचा पडदा सारखा केला. मग म्हणाली, "तुहं नाव सांगतलं. मी म्हनलं, बाईनं कबूल केलं, हे पाह्य, तिनं चित्र बी काढून देलं. तुह्या नावाबिगर अक्का आयकली नसती."

मला आठवतं, मी पायाखालची उशी उचलून नीट पलंगावर ठेवली. पाणी प्यायले. ती मागे मागे फाटकापर्यंत आली, गाडीनं सोडते म्हणाली. मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना कधी 'नको' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. रस्ता खरंच झाला होता. तंबू पांढरे, नीटनेटके, त्यांच्यापुढे कागदी पळसाच्या माळा. खरा पळस मागे फुललेला असताना. अक्का दारात बसून मोह वाळवत होती. मला बघून उठली, आत गेली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची आणून तिनं अंगणात ठेवली.

या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त काय लागलं असं कुणी विचारलं, तर ती खुर्ची. त्या घरात मी कायम चुलीजवळ जमिनीवर बसले होते. आता तिनं मला तांब्याभर पाणी दिलं, पाऊस कसा झाला ते विचारलं, गुडघ्याचं विचारलं. पाहुणीला विचारतात तसं. मी खुर्चीवर बसले नाही. तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. मी कबूल केलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं, चित्र मी मैत्रिणीला दिलं होतं.

ती फुलं पसरत राहिली. बोटांनी एकेक वेगळं करत. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "तुमी दोन्ही एकच गाडीमाईन उतरेत."

तुम्ही दोघी एकाच गाडीतून उतरत होता. वरून बघणाऱ्याला खालची दोन माणसं वेगळी दिसावीत अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करायची? तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पण ती तिथेच थांबली नाही. संध्याकाळी तिनं बायकांना बोलावलं, भायसिंगलाही बोलावलं, आणि मला सांगितलं, आता हे सगळ्यांपुढे बोल. मी बोलले. भायसिंग चिडला. त्याचं चिडणं रास्त होतं. तुमच्या दोघींच्या भांडणात माझ्या घरची माणसं पुन्हा उसाला जायची का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमचं शेत तुमचं, त्यात मी पडणार नाही. माझं नाव खोटं घेतलं गेलं, एवढंच सांगायला आले आहे. बायका बराच वेळ आपसांत त्यांच्या बोलीत बोलल्या. मला सगळं कळलं नाही. त्या सकाळी झिऱ्यावर पोटुशी होती ती पोर आता कडेवर मूल घेऊन बसली होती, ती सगळ्यांत जास्त बोलली.

तंबू राहिले. त्या आठवड्यात बायकांनी वाटेवर बोरीच्या काट्या रचल्या आणि मोह संपेपर्यंत आळीपाळीनं तिथे बसल्या. नलूच्या भाच्यानं पाहुण्यांना धरणाकडे न्यायला सुरुवात केली. फ्लेक्सवर माझ्या चित्राऐवजी फोटो आला. म्हटलं तर आमचं म्हणणं खरं झालं.

पण झिरा गेला. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तो आधीच पोचला होता. पाण्यात पाय सोडून बसलेले पुरुष, खडकावर ठेवलेल्या बाटल्या. अक्कानं नंतर एकदाच त्याबद्दल सांगितलं. म्हणाली, काट्या लावून वाट बंद होते, पण उघडी पडलेली जागा झाकता येत नाही. बायका तिथे जायच्या थांबल्या. मोह वेचून सरळ घरी.

मीही होळीला जायची थांबले. कुणी येऊ नको म्हटलं नाही. 'ये' असंही म्हटलं नाही. नलू मात्र जाते. दर वर्षी तंबूवाल्यांच्या व्हिडिओत ती होळीपाशी दिसते, पाहुण्यांना मोरपिसांच्या टोपांची माहिती देते, चांगली देते. तिनं मला दोनतीनदा फोन केला. एकदा मी उचलला. तिनं माझ्या गुडघ्याचं विचारलं आणि मग दोघी गप्प बसलो. आता माझ्या वाटचं बोलायलाही कुणी नव्हतं आणि तिच्या वाटचं गप्प राहायलाही. मी तिला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. भरीत करताना मिरच्या भाजल्याचा ठसका लागतो तेव्हा ती आठवते, आणि त्याच वेळी तिचा रागही येतो, आणि हात मात्र ती शिकवून गेली तसेच चालतात.

फसवणुकीचं वाईट हे, की ती मागे चालत जाते. झालेल्या दिवसांनाही शिवते. ते झिऱ्यातलं रडणं खरं होतं की तेव्हाच तिच्या मनात काही शिजत होतं? तिचं वाकणं? मी पुष्कळदा ती सकाळ मनात उलगडते आणि तिचा चेहरा बघते. तो खरा दिसतो. तेच सोसत नाही.

हे सगळं लिहायला बसले, कारण गेल्या मंगळवारी अक्का आली.

बाजाराला आली होती. डोक्यावरचं गाठोडं पायरीशी ठेवून तिनं दार वाजवलं. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी कधी आली नव्हती. मी खुर्ची पुढे करणार होते, तेवढ्यात ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून जमिनीवर बसली. मीही बसले. कळण्याची भाकरी होती, ठेचा होता, शेवेची भाजी केली. तिनं चवीनं खाल्लं. लेकीकडचं सांगितलं, भायसिंगच्या सुनेला मुलगी झाली ते सांगितलं. तंबूवाल्यांचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. तिचे केस ओले होते. मी सहज म्हटलं, अक्का, इतक्या सकाळी न्हाऊन निघालीस?

मग तिच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या गोळा झाल्या. बायकांना दुसरी जागा सापडली आहे, म्हणाली. पाणी पहिल्यापेक्षा चांगलं आहे. सगळ्या जातात.

"कोठे, ते तुले सांगाव नही," ती म्हणाली.

"नको सांगू, अक्का," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, ताट बाजूला सारलं, आणि हाताची उशी करून तिथेच फरशीवर आडवी झाली. दुपारभर ती झोपली. मी भांडी घासली नाहीत, आवाज होईल म्हणून.